आर्णी रोडवरचे हात

दारव्ह्यात पिंजारपुरा कुठे आहे असं विचारलं, की चांगला जुना दारव्हेकरसुद्धा आधी डोकं खाजवायचा. मग म्हणायचा, "पूनमसिंगचं कापसाचं गोदाम हाय ना, त्याच्या मांगं." मागं म्हणजे काय? मागं तर उकिरडाही असतो. पस्तीस घरं, एक मशीद, एक बुद्धविहार आणि दोन हातपंप असलेली धडधाकट गल्ली, पण लोक तिला गोदामाच्या पाठीवरून ओळखायचे. याचा राग गल्लीत सगळ्यांनाच होता. अतियाला जरा जास्त होता, कारण नावं लिहिणं हाच तिचा धंदा होता.

अतिया ही जलाल पेंटरची लेक. गावातली निम्मी दुकानं जलालनं आपल्या ब्रशनं नावारूपाला आणलेली. तो गेल्यावर अतियानं त्याची शिडी उचलली आणि ट्रॅक्टर, ट्रक, शाळांच्या भिंती, बियाण्यांच्या जाहिराती असं पडेल ते काम केलं. बाई शिडीवर चढते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी दहा वर्षं नाकं मुरडली आणि मग दमून आपल्याच दुकानाच्या पाट्या तिच्याकडून लिहून घेतल्या. आता ती अडतीस वर्षांची होती आणि कुणाच्या नाकाकडं बघायला तिला सवड नव्हती.

गल्लीचं नशीब पालटलं ते जैबुनबीमुळं. फोमच्या गाद्या आल्या तसे पिंजारी कापसाला राम राम करून ऑटो चालवायला गेले होते. तीन वर्षांपूर्वी जैबुनबीनं माळ्यावरची कापूस पिंजायची कमान खाली काढली, पुसली आणि पुन्हा रुई पिंजायला बसली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची पंचफुलाबाई तिच्या जोडीला आली. जैबुनबी पिंजायची, मग दोघी मिळून टाके घालायच्या. त्यांची एक रजई एका लग्नात गेली, तिथल्या पाहुण्यांनी पाहिली, आणि मग रजया भराभर मागवल्या जाऊ लागल्या. आज अकरा घरांत रुई उडत होती. बंद दारं उघडली, इम्तियाजनं तोंडाशी गॅरेज टाकलं, समोर रस्त्यापलीकडं एक चहाचं हॉटेल आलं, घरांच्या भिंतींना रंग लागले. गल्ली जिवंत झाली होती. फक्त ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण मध्ये होती ती भिंत. आर्णी रोडच्या कडेनं ऐंशी फूट लांब आणि दहा फूट उंच पसरलेली गोदामाची भिंत, आणि ती संपली की पलीकडे गल्लीचं अरुंद तोंड. काळीपिवळी जीप त्या भिंतीला घासून पुढे जायची, आणि आतली माणसं थेट बाजारात उतरून फोमची गादी डोक्यावर घेऊन परत जायची. हे पाहून जैबुनबीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून अतिया पूनमसिंग राठोडकडं गेली. गोदाम त्याचं, भिंत त्याची. यंदा ती भिंत तो एका बियाणेवाल्याला तीन वर्षांसाठी द्यायच्या बेतात होता.

"सेठ, भिंत आमाले द्या," अतिया म्हणाली. "गल्लीत यायचं आवतन काढतो तिच्यावर."

"आवतन? भिंतीवर?" पूनमसिंग हसला. माणूस वाईट नव्हता, पण आपण कुणाच्या बोलण्यात येत नाही याचा त्याला अभिमान होता. "अशानं कोनी वळते का बाप्पा?"

"वळते."

"बरं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रोडच्या पल्याड खुर्ची टाकून बसतो. तुह्या चित्रानं लोकं वळले, त भिंत तुमची, तीन साल. नाई वळले, त दुसऱ्या दिवशी बियाण्याची जाहिरात. अन् ते बी तूच काढशीन."

"काढीन," अतिया म्हणाली. म्हणताना ती मनात हिशोब करत होती. तीन वर्षं ती भिंत हातची गेली असती, तर अकरा घरांतली किती घरं तोवर टिकली असती हे तिला बोटांवर सांगता आलं असतं.

आता काढायचं काय? जलाल पेंटरनं जन्मात माणसाचा चेहरा काढला नव्हता. अक्षर, वेल, फूल, फार तर ट्रॅक्टर. अतियाचाही तोच शिरस्ता, आणि मशिदीकडच्या निम्म्या गल्लीला भिंतीवर चेहरे चालले नसते. मग 'या' म्हणणार कोण? अतियाला सुचलं, की हात म्हणतील. गल्लीत एक रीत होती. नवी गादी भरून झाली की तिच्यावर घरचं माणूस बसत नाही. फेरीवाला, पोस्टमन, वाटसरू, जो पहिला दारात येईल त्याला तिच्यावर बसवतात, चहा देतात आणि मगच गादी गिऱ्हाइकाच्या घरी जाते. तीच गादी भिंतीवर घ्यायची. गल्लीच्या तोंडापासून लाल गादी उलगडत येते, तिला गल्लीचे हात धरून आहेत, आणि शेवटी अक्षरं, 'या, बसा. पिंजारपुरा.'

गल्लीला ही कल्पना इतकी आवडली की हात दाखवायला रांग लागली. पंचफुलाबाईच्या मनगटावरचं हिरवं गोंदण, इम्तियाजच्या नखांतलं ग्रीस, आणि सगळ्यांत पुढं जैबुनबीचे हात, सुई बोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घातलेले, जन्मभराच्या कामानं गाठाळलेले. अतियानं सगळे हुबेहूब उतरवले. रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून गल्लीनं चहा ढोसत भिंत पाहिली आणि तोंडात बोट घातलं.

"अगदी माहेच हाय वं," जैबुनबी म्हणाली आणि पुन्हा पुन्हा आपले हात भिंतीशी ताडून पाहू लागली.

बाजाराला पाच दिवस उरले होते. लाल रंग संपला म्हणून अतिया आर्णीला गेली आणि येताना बादलच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. कडुनिंबाच्या वळणावरून जीप भिंतीच्या रोखानं वळली आणि अतिया सरसावून बसली. आता दिसेल, म्हणाली. आणि दिसलं ते पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. रोड भिंतीच्या कडेकडेनं जात होता, त्यामुळं ऐंशी फुटांची भिंत जीपमधून वीतभर दिसत होती. गादीची झाली होती लाल चिंधी आणि हातांच्या झाल्या होत्या काड्या, एकीवर एक कोंबलेल्या. अक्षरं तर अक्षरं आहेत हेही कळत नव्हतं. जीपमधल्या बारा माणसांपैकी एकानंही मान वळवली नाही.

"बादलभाऊ, ते भिंत पाह्यली का?"

"कोनची भिंत?" बादल म्हणाला आणि भिंत मागं पडली.

अतियानं मान बाहेर काढून मागं पाहिलं. चूक तिची होती, आणि चूक गल्लीतल्याच माणसाकडून होईल अशी होती. आपण सगळे रोज दारातून बाहेर बघतो, समोरच्या बाकड्यावर बसून भिंत वाखाणतो. आपल्या गल्लीकडं पाहुणा म्हणून आपण एकदा तरी आलो होतो का? पाहुणा समोरून येतच नाही. तो आर्णीकडून येतो, चालत्या जीपमधून, तिरपा.

त्या रात्री तिला झोप लागली नसेल असं कुणी समजू नये. ती दमली होती, गाढ झोपली. पण सकाळी दात घासताना तिला रस्त्यावरची अक्षरं आठवली. शाळेजवळच्या डांबरावर 'वाहनं हळू चालवा' अशी पांढरी अक्षरं लिहायचं काम जलाल करायचा आणि ती दोरीचं टोक धरायची. एकेक अक्षर माणसाच्या दीडपट लांब. ती लहानपणी हसायची, की अब्बा, हे अक्षर आहे की ऊस? जलाल म्हणायचा, उभं राहून नको पाहू, ड्रायव्हरच्या जागेवर बसून पाहा. आणि खरंच, गाडीत बसलं की ते अक्षर आखूड होऊन नीटस उभं राहायचं.

तिनं गुळणी केली, चुन्याची बादली उचलली आणि अर्धा रंग भरलेली आख्खी भिंत पांढरी करून टाकली. हॉटेलातल्या बाकड्यावर त्या वेळी जे बसले होते त्यांच्या हातातला चहा हातातच राहिला.

मग तिनं बादलला गळ घातली. दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यानं जीप कडुनिंबाच्या वळणावर उभी करायची, अतिया आत बसायची आणि भिंतीशी इम्तियाज बांबूला खडू बांधून उभा राहायचा. ती फोनवरून सांगायची.

"आखिन तिकडं, इम्तियाजभाई. आखिन. आखिन तिकडं."

"अवं, बोट हाय का बांबू हाय? एका बोटात पाच फूट झाले!"

"होऊ दे. आखिन दोन फूट."

"तुले ऊन लागलं," इम्तियाज म्हणाला, पण खडू ओढत राहिला. जवळच्या टोकाला आकृत्या जरा लांबट आणि जसजसं गल्लीच्या तोंडाकडं जावं तसतशा अधिकच ताणलेल्या, असा तो हिशोब होता. दोन दिवस हेच चाललं. रेघा झाल्या तशा बायका रंग भरायला आल्या. ज्याच्या त्याच्या वाट्याला दोन हात भिंत. आपण कुणाचं मनगट रंगवतोय की गादीचं टोक, हे त्यांना कळत नव्हतं आणि अतियाला सांगायला फुरसत नव्हती.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी रंग पुरा झाला, शिडी बाजूला सरली आणि गल्ली बाकड्यापाशी जमली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. भिंतीवर बोटं नव्हती, बैलगाडीच्या दांड्या होत्या. अंगठे भोपळ्याएवढे. पंचफुलाबाईचं गोंदण ताणून ताणून शेवाळ झालं होतं. जैबुनबीचा हात तर पंधरा फूट पसरला होता आणि अंगुस्तानाची झाली होती बादली.

"हा माहा हात?" जैबुनबीनं विचारलं. "अतिया, म्या तुले अंगाखांद्यावर खेळवलं. माह्या हाताले कोनता रोग झाला म्हनून असा काढला?"

"खाला, अठून नको पाहू. बादलच्या जीपमधी बस, वळनावरून पाह्य."

"माह्याच गल्लीले पाह्याले मी जीपमधी काहून बसू? चाळीस साल झाले, अठीच राहून राह्यली! मले नाई माहीत का माही गल्ली कशी दिसते?"

"नाई माहीत," अतिया बोलून गेली. "आपल्यातल्या कोनालेच नाई."

हे बोलायला नको होतं. जैबुनबीनं उरलेल्या चुन्याची बादली ओढली. पहिलं चित्र पुसलेलं तिच्या जिव्हारी लागलं होतं आणि उद्या सगळा बाजार तिच्या हाताला हसणार होता. पंचफुलाबाईनं मध्ये पडून बादलीची कडी धरली. चित्र तिलाही पसंत नव्हतं, पण अतियाचा चेहरा तिला पाहवत नव्हता.

"जैबुनबी, उद्या दुपारपर्यंत दम धर. दुपारी मी सोता तुह्यासंगं चुना मारतो."

बाजाराचा दिवस उजाडला. पूनमसिंग शब्दाचा पक्का; रस्त्यापलीकडं खुर्ची टाकून, गॉगल लावून बसला. शेजारी बियाणेवाल्याचा माणूस मोजपट्टी घेऊन उभा. भिंत पाहून पूनमसिंग इतका हसला की खुर्ची मागं झुकली.

"हे आवतन हाय का भेव दाखोनं हाय वं, अतिया? हे हात पाहून लेकरं रडतीन!"

अतिया शिडीपाशी जाऊन उभी राहिली. तिला रडू फुटत होतं ते तिनं गिळलं. सकाळपासून गावातली माणसं पायी जात होती, भिंतीपाशी थांबत होती, हसत होती, पुढं जात होती. गल्लीत कुणीही वळलं नव्हतं. आर्णीकडची पहिली जीप फाट्यावर पंक्चर झाली अशी खबर आली. दहा वाजले, साडेदहा वाजले. बियाणेवाल्याच्या माणसानं पट्टीचं टोक भिंतीला लावलं. जैबुनबी गल्लीच्या तोंडाशी बादली घेऊन बसली होती आणि दुपार व्हायची वाट पाहायची तिची तयारी नव्हती. ती उठली, भिंतीवरच्या आपल्या हातापाशी गेली, कुंचला चुन्यात बुडवला.

तेवढ्यात कडुनिंबाच्या वळणावर ब्रेक करकचला.

बादलची जीप भर रस्त्यात थांबली होती. मागून एक टेम्पो भोंगा वाजवत आला आणि तोही थांबला. भोंगा बंद पडला. जीपच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, मग दार उघडलं आणि माणसं उतरू लागली. एक, दोन, चार, बारा. ती भिंतीकडं बोट दाखवत पुढं आली. पंधरा पावलं चालल्यावर थबकली, एकमेकांकडं पाहून हसली आणि पळत पळत पुन्हा वळणावर गेली. तिथून पाहिलं, पुन्हा ओरडली, पुन्हा पुढं आली. टेम्पोवालाही उतरला.

"काय होऊन राह्यलं हे?" पूनमसिंग खुर्चीतून उठला. कुणाच्या बोलण्यात न येणारा माणूस. म्हणून स्वतःच तरातरा वळणापर्यंत चालत गेला आणि मागं फिरून त्यानं पाहिलं.

भिंत नव्हतीच. लाल गादी गल्लीच्या तोंडातून निघून रस्त्याच्या कडेनं थेट त्याच्या पायापर्यंत उलगडत आली होती, टाक्यांच्या रांगांसकट, मऊ, फुगीर. दोन्ही बाजूंनी हात तिला धरून होते, खरेखुरे, मापातले. गोंदलेला हात कड सारखी करत होता, ग्रीसच्या नखांचा हात तिला पुढं सारत होता, आणि सगळ्यांत पुढं दोन म्हातारे हात तिच्यावरची सुरकुती झटकून काढत होते, बोटात अंगुस्तान, आत्ता कुणी बसणार म्हणून घाईघाईनं. वर सरळ, ठसठशीत अक्षरं होती. गादीवर ठेवायला त्याचा पाय नकळत उचलला गेला. त्यानं गॉगल काढला.

"अतिया!" तो तिथूनच ओरडला. "माह्या भिंतीले भोक पाडलं का वं तुनं?" आणि मग बियाणेवाल्याच्या माणसाला, "ओ भाऊ, ते पट्टी गुंडाळा! भिंत गेली!"

तोवर दुसरी जीप आली, तिसरी आली. वळणावर ही मोठी गर्दी झाली. गादीच्या टोकाला काय आहे हे पाहायला माणसं भिंतीच्या कडेनं चालत निघाली आणि चालत चालत गल्लीत शिरली. इम्तियाज पान्हा टाकून रस्त्यावर उभा राहिला आणि भेटेल त्याला सांगू लागला, की रेघा त्यानं मारल्या. अकरा घरांच्या ओट्यांवर बघता बघता चपलांचे ढीग पडले.

जैबुनबी मात्र कुंचला हातात धरून भिंतीशी तशीच उभी होती. तिला काही कळत नव्हतं. तिच्यासमोर अजून पंधरा फुटी हातच होता. पंचफुलाबाईनं तिचा हात धरला आणि तिला वळणापर्यंत जवळजवळ ओढत नेलं. चाळीस वर्षांत जैबुनबी आपल्या गल्लीकडं पहिल्यांदा आर्णीच्या बाजूनं पाहत होती.

कुंचल्यातला चुना टपटप तिच्या पायावर गळत होता. शेजारी, नुकत्याच जीपमधून उतरलेल्या, लेकीच्या लग्नाच्या खरेदीला आलेल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याला विचारलं, "किती साजरे हात हायत ना? कोनाचे असतीन हे, समोरचे?"

जैबुनबीनं कुंचला खाली टाकला, दोन्ही तळवे पदराला पुसले आणि त्या अनोळखी बाईच्या तोंडापुढं धरले.

"माहे," ती म्हणाली. आणि मग गर्दीपलीकडं शिडीपाशी उभ्या असलेल्या अतियालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "माहे हायत! माह्या पोरीनं काढले!"

अतियानं ते ऐकलं आणि सकाळपासून गिळलेलं सगळं रडू तिनं भर रस्त्यात, भर बाजाराच्या दिवशी, हसत हसत मोकळं केलं.